घरातले टपालघर

मुंबईत वरळीच्या उत्तर टोकाला जमीन एखाद्या चिंचोळ्या जिभेसारखी समुद्रात शिरली आहे. या टोकावर वरळीचा कोळीवाडा वसला आहे. इंग्रजांच्या काळातील लहानसा किल्ला, गोलफादेवीचे देऊळ, किनाऱ्याला नांगरलेल्या होड्या, दारादारांशी वाळत पडलेली जाळी, आणि समोरून माणूस आला तर अंग चोरून उभे राहावे लागेल अशा अरुंद गल्ल्या, असे या वस्तीचे रूप आहे. २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू कोळीवाड्याच्या अगदी नजरेसमोर आहे. एकीकडे शतकानुशतके चालत आलेला मासेमारीचा व्यवसाय आणि दुसरीकडे नव्या युगाची ही भव्य निर्मिती, असे दोन काळ येथे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याला वार्तेची किंमत इतरांपेक्षा अधिक कळते. वारा कोणत्या दिशेने वाहतो, ढग कोणत्या रंगाचे आहेत, आज तिथी कोणती आणि त्यावरून उधाण की भांग, हे सारे जुना नाखवा स्वतःच्या अनुभवाने जाणत असे. हे ज्ञान आजही मोलाचे आहे. परंतु आता त्याला आणखी एका ज्ञानाची जोड मिळाली आहे. हैदराबाद येथे १९९९ साली ‘भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र’ स्थापन झाले. कृत्रिम उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य मोजतात. त्यावरून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, याचा अंदाज हे केंद्र मराठीसह किनारपट्टीच्या अनेक भाषांत कळविते. हवामान खाते वादळाचे इशारे देते. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा समुद्रात जाऊ नका, अशी सूचना मच्छीमारांना त्यापूर्वीच देण्यात आली होती.

असे इशारे आणि अंदाज आज अनेक मार्गांनी येतात. ई-मेल हा त्यांपैकी एक मार्ग होय. बहुतेक माणसे खिशातल्या फोनवरच निरोप वाचतात हे खरे. परंतु जेथे रोज पुष्कळ पत्रे येतात, वर्षानुवर्षांची पत्रे जपून ठेवावी लागतात आणि त्यांतले नेमके पत्र हवे तेव्हा काढून दाखवावे लागते, तेथे टेबलावरचा संगणक अद्याप आपले स्थान टिकवून आहे. समजा, मच्छीमारांच्या एखाद्या सहकारी संस्थेच्या कार्यालयात असा एक संगणक आहे. त्यावर वादळाचा इशारा येतो, डिझेलच्या परताव्याविषयी कार्यालयाचे उत्तर येते, बर्फाच्या कारखान्याचे बिल येते आणि त्यांच्याच जोडीला ‘आपणांस लक्षावधी रुपयांचे बक्षीस लागले आहे’ अशी खोटी पत्रेही येतात. या गर्दीत इशाऱ्याचे पत्र दिसलेच नाही, तर केवढा अनर्थ ओढवेल! म्हणूनच ही पत्रे आणणारी, लावून ठेवणारी आणि राखणारी जी संगणकाची आज्ञावली, ती कशी काम करते हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ई-मेलचा इतिहास फार जुना नाही. १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज या गावी रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याची युक्ती शोधून काढली. दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी उभे होते. परंतु त्यांना जोडणारा मार्ग ‘आर्पानेट’ या जाळ्यातून जात होता. पत्र कोणाला आणि कोणत्या संगणकावर, हे दोन्ही सांगता यावे म्हणून त्याने माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह घातले. वर्तुळात गुरफटलेल्या इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखे दिसणारे हे चिन्ह आज जगातील प्रत्येक ई-मेलच्या पत्त्यात आढळते. त्या पहिल्या पत्रात काय लिहिले होते, हे मात्र टॉमलिन्सनला पुढे आठवले नाही. मोठ्या शोधांचा प्रारंभ पुष्कळदा असाच साधेपणाने होतो.

भारतात या कार्याचा पाया घातला गेला त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९८६ साली शिक्षण व संशोधन संस्थांना जोडण्यासाठी ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू झाला. वरळीच्या उत्तरेस काही मैलांवर असलेल्या जुहू येथील ‘राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र’ ही संस्था त्यात अग्रभागी होती. या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी यांनी भारतात संगणकांचे जाळे विणण्यासाठी जे परिश्रम केले, त्यांचा गौरव म्हणून २०१४ साली त्यांचे नाव इंटरनेटच्या सन्मानितांमध्ये समाविष्ट करण्यात आले. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले.

त्या वेळी इंटरनेटची जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होत असे. जोडणी चालू असेपर्यंत टेलिफोन अडून राही आणि खर्चाचा आकडा वाढत जाई. वेगही अत्यंत मंद होता. सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे सुमारे १,२०० अक्षरे, एवढाच मजकूर त्या तारेतून वाहू शके. या वेगाने एक पानभर इंग्रजी पत्र दोन-तीन सेकंदांत येई. परंतु दहा लक्ष बाइटांचे एखादे छायाचित्र यावयाचे झाल्यास जवळजवळ चौदा मिनिटे वाट पाहावी लागे. अशा स्थितीत जोडणी चालू ठेवून सावकाश पत्रे वाचीत बसणे कोणास परवडणार? पत्रे झटपट उतरवून घ्यावी, टेलिफोन ठेवून द्यावा, निवांतपणे वाचून उत्तरे लिहावी, आणि पुन्हा क्षणभर जोडणी करून ती सारी एकदम धाडावी, हाच शहाणपणाचा मार्ग होता. होडी जशी बंदराला लागते, माल उतरविते आणि पुन्हा निघते, तसेच हे होते.

हे काम करणाऱ्या आज्ञावल्या परदेशांत यापूर्वीच तयार झाल्या होत्या. १९८८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर याने ‘युडोरा’ नावाची आज्ञावली लिहिली. युडोरा वेल्टी या अमेरिकन लेखिकेने घर सोडून पोस्टातच राहावयास गेलेल्या एका स्त्रीची गोष्ट लिहिली आहे. रात्रंदिवस पत्रांच्या कामात बुडालेल्या डॉर्नरला ती गोष्ट आठवली आणि त्याने आपल्या निर्मितीला त्या लेखिकेचे नाव दिले. १९९० साली न्यूझीलंडमधील डनेडिन या गावी डेव्हिड हॅरिस याने ‘पेगॅसस मेल’ ही आज्ञावली तयार केली आणि ती लोकांना विनामूल्य वापरू दिली. डिसेंबर २००४ मध्ये ‘मोझिला’ या संस्थेने ‘थंडरबर्ड’ या आज्ञावलीची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. तीही विनामूल्य आहे; इतकेच नव्हे, तर ती कशी लिहिली आहे हे कोणासही वाचता येते व तिच्यात सुधारणा सुचविता येते.

या आज्ञावलीला घरातले टपालघर म्हणणे योग्य ठरेल. तिच्यापाशी जणू दोन प्रकारचे नोकर असतात. पहिला नोकर पत्रे बाहेर नेतो. तो ज्या नियमांनी चालतो, ते १९८२ साली जॉन पोस्टेल याने लिहून प्रसिद्ध केले; त्यांना ‘एस.एम.टी.पी.’ म्हणतात. दुसरा नोकर पत्रे आत आणतो. त्याच्या कामाच्या दोन रीती आहेत. ‘पॉप’ या रीतीत तो मोठ्या टपालघरातून, म्हणजे सर्व्हरमधून, पत्रे उचलून घरी आणतो आणि निराळी सूचना नसल्यास तेथील प्रत काढून टाकतो. ‘आयमॅप’ या रीतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि घरातील संगणकावर त्याचे प्रतिबिंब दिसते. पहिल्या रीतीत पत्र पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात येते. परंतु तो एकच संगणक बिघडला तर पत्रही जाते. दुसऱ्या रीतीत तेच पत्र कार्यालयातील संगणकावर आणि घरातील फोनवरही वाचता येते. परंतु एका ठिकाणी पुसले की ते सगळीकडून पुसले जाते. दोन्ही रीतींचे गुणदोष जाणून निवड करावी, हे उत्तम.

मराठी माणसाला या व्यवहारात आणखी एक अडचण होती. आरंभीचे ई-मेल इंग्रजी अक्षरांपुरतेच होते. १९९२ साली नॅथनियल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाचे नियम तयार केले. त्यामुळे पत्रासोबत चित्र, ध्वनी वा इतर लिपींतील मजकूर पाठविणे शक्य झाले. तथापि मराठीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे टंक प्रचलित होते. पाठविणाऱ्याच्या संगणकावर ‘होडी’ दिसे. पण तोच टंक नसलेल्या संगणकावर त्याच जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गुंता उमटे. यावर उपाय म्हणजे जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एकच ठराविक क्रमांक देणे. ‘युनिकोड’ या पद्धतीने ते साधले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. तिच्यात ‘अ’ या अक्षराचा क्रमांक २३०९, तर ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. हा क्रमांक वरळीत आणि लंडनमध्ये सारखाच असल्याने आज मराठी पत्र कोठेही मराठीच वाचले जाते.

आता पत्रांच्या व्यवस्थेकडे वळू. पोस्टातील कारकून ज्याप्रमाणे आलेली पत्रे गावागावांच्या खणांत टाकतो, त्याप्रमाणे ही आज्ञावलीही पत्रांची वाटणी करू शकते. मात्र तिला नियम सांगून ठेवावा लागतो. ‘हवामान खात्याच्या पत्त्यावरून आलेले पत्र इशाऱ्याच्या खणात टाक, त्यावर लाल खूण कर आणि घंटी वाजव’, असा एक नियम. ‘ज्या पत्राच्या विषयात बिल हा शब्द आहे ते हिशेबाच्या खणात टाक’, असा दुसरा नियम. एकदा नियम घालून दिले की यंत्र कंटाळत नाही, विसरत नाही आणि रात्री दोन वाजताही तितक्याच तत्परतेने काम करते. परंतु ते स्वतः विचार करीत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हवामान खात्याने आपला पत्ता बदलला आणि नियमात तो बदल केला नाही, तर इशाऱ्याचा खण रिकामाच राहील.

याहून कठीण काम नको असलेल्या पत्रांना दूर ठेवण्याचे होय. १९७८ सालच्या मे महिन्यात एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्याने आपल्या मालाची जाहिरात सुमारे ४०० लोकांना एकाच वेळी पाठविली. न मागता आलेल्या जाहिरातपत्रांची, म्हणजे ‘स्पॅम’ची, ती सुरुवात मानली जाते. पुढे हा उपद्रव इतका वाढला की ही पत्रे ओळखण्यासाठी गणिताची मदत घ्यावी लागली. अठराव्या शतकात टॉमस बेज नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने संभाव्यतेविषयी एक सिद्धान्त मांडला होता. २००२ साली पॉल ग्रॅहम याने त्या सिद्धान्ताचा आधार घेऊन पत्रे पारखण्याची रीत लोकप्रिय केली. समजा, १०० खोट्या पत्रांपैकी ४० पत्रांत ‘बक्षीस’ हा शब्द आला आणि १०० खऱ्या पत्रांपैकी केवळ एका पत्रात आला. तर ‘बक्षीस’ शब्द असलेले नवे पत्र खोटे असण्याचा संभव बराच अधिक. अशा अनेक शब्दांचा एकत्र हिशेब करून आज्ञावली निर्णय घेते. माणसाने ‘हे पत्र खोटे’, ‘हे खरे’ असे दाखवीत गेले म्हणजे तिची पारख दिवसेंदिवस सुधारते.

येथे कोळ्याच्या जाळ्याचा दृष्टान्त मनात येतो. जाळ्याचा आस, म्हणजे दोऱ्यांमधील भोक, फार मोठा ठेवला तर हवी ती मासळी निसटून जाते; फार बारीक ठेवला तर वाढ न झालेली पिल्लेही अडकतात आणि पुढील हंगामाची हानी होते. स्पॅमच्या गाळणीचेही तसेच आहे. ती सैल असेल तर खोट्या पत्रांचा पूर लोटतो. ती अति कडक असेल तर एखादे खरे पत्रही कचऱ्यात जाते. एखाद्या शासकीय सूचनेवर ठराविक दिवसांत हरकत घ्यावयाची असेल आणि नेमके तेच पत्र कचऱ्याच्या खणात पडून राहिले, तर मुदत उलटून जाईल व हक्काची संधी हुकेल. म्हणून सुज्ञ माणूस आठवड्यातून एकदा तरी कचऱ्याचा खण उघडून पाहतो.

मूळ आज्ञावलीत सर्वच सोयी असतात असे नाही. घर बांधल्यावर जशी आपण गरजेप्रमाणे फळी किंवा खुंटी ठोकतो, तशा तिच्यात काही पुरवण्या जोडता येतात. त्यांना ‘ॲड-ऑन’ म्हणतात. कोणी शुद्धलेखन तपासणारा कोश जोडतो. कोणी पत्र ठराविक वेळी पाठविण्याची सोय जोडतो. थंडरबर्डमधील दिनदर्शिका आरंभी अशीच एक पुरवणी होती. पुढे ती मूळ आज्ञावलीचाच भाग झाली. पत्र गुप्त लिपीत बंद करून पाठविण्याचीही अशीच कथा आहे. १९९१ साली फिल झिमरमन याने ‘पी.जी.पी.’ ही गुप्तलेखनाची पद्धत प्रसिद्ध केली. थंडरबर्डमध्ये त्या पद्धतीचा वापर करण्यासाठी अनेक वर्षे ‘एनिगमेल’ नावाची पुरवणी जोडावी लागे. २०२० सालापासून ही सोय मूळ आज्ञावलीतच आली.

परंतु पुरवणी जोडताना सावध असावे. जिला पत्रे लावण्याची मुभा दिली, तिला ती वाचण्याचीही संधी मिळते. अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली कोणी देत नाही. तद्वत अनोळखी ठिकाणची पुरवणीही घेऊ नये. पत्रासोबत आलेल्या वस्तूंविषयीही हीच दक्षता हवी. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून निघालेले एक पत्र जगभर पसरले. त्यासोबत प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल होती. कुतूहलाने ती उघडली की ती संगणकातील अनेक फाइली नष्ट करी आणि पत्त्यांच्या वहीतील सर्वांना आपली प्रत धाडी. ओळखीच्या माणसाकडूनच पत्र आल्याने पुढची माणसेही फसत गेली. लोकांच्या सोयीसाठी केलेली पत्त्यांची वहीच त्या वेळी संकटाचे साधन ठरली!

राहिली गोष्ट पत्रे जपण्याची. वरळी कोळीवाड्याच्या अलीकडच्या इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. मुंबई सागरी किनारा रस्ता सागरी सेतूला जोडताना वरळीजवळच्या पाण्यात खांब उभारावयाचे होते. मूळ आराखड्यात दोन खांबांमधील अंतर ६० मीटर होते. एवढ्या जागेतून, लाटा आणि वारा यांना तोंड देत, होड्या सुखरूप नेता येणार नाहीत, असे येथील मच्छीमारांचे म्हणणे होते. त्यांनी २०० मीटर अंतर मागितले. दीर्घ वादानंतर डिसेंबर २०२२ मध्ये हे अंतर १२० मीटर ठेवण्याचे राज्य शासनाने जाहीर केले. अशा वादात केवळ मोठ्या आवाजाने काम भागत नाही. कोणते पत्र कोणत्या दिवशी दिले, त्याला कोणी काय उत्तर दिले, सोबत कोणता नकाशा होता, हे दाखवावे लागते. तीन वर्षांपूर्वीचे पत्र संगणक काही क्षणांत शोधून देतो. मात्र ते कोणी पुसलेले नसले पाहिजे. संगणकाची तबकडी केव्हा बिघडेल याचा नेम नाही आणि समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत यंत्रे लवकर गंजतात. म्हणून पत्रांची दुसरी प्रत, म्हणजे ‘बॅकअप’, निराळ्या ठिकाणी ठेवण्याची साधने वापरावी. नाखवा होडीवर जादा दोर ठेवतो तो रोज लागतो म्हणून नव्हे. ज्या दिवशी लागतो त्या दिवशी दुसरा उपाय नसतो म्हणून.

दर्यावर जाणारा मनुष्य होडीवर विश्वास ठेवतो. तरी तो रोज तिच्या फळ्या तपासतो, जाळ्याचे तुटलेले आस सांधतो आणि मगच शीड वा यंत्र चालू करतो. घरातल्या टपालघराचीही अशीच निगा राखली पाहिजे. नियम वेळच्या वेळी पारखावे, गाळणी तपासावी, अनोळखी पुरवण्या टाळाव्या आणि प्रत जपावी. यंत्र पत्र आणून देईल. परंतु कोणते पत्र आज वाचावयाचे, कोणावर विश्वास ठेवावयाचा आणि कोणते पत्र पुढील पिढीसाठी जपावयाचे, हे ठरविण्याचे काम माणसाचेच आहे.

अभ्यास

१. ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ हे चिन्ह का घालण्यात आले?
२. १९९५ च्या सुमारास पत्रे उतरवून घेऊन नंतर वाचणे सोयीचे का होते?
३. ‘पॉप’ आणि ‘आयमॅप’ या दोन रीतींमधील फरक सांगा. सहकारी संस्थेच्या कार्यालयासाठी कोणती रीत तुम्ही निवडाल? कारणे द्या.
४. स्पॅमच्या गाळणीला जाळ्याच्या आसाची उपमा का दिली आहे?
५. सेकंदाला १,२०० बाइट या वेगाने ३,६०,००० बाइटांचे चित्र उतरविण्यास किती मिनिटे लागतील?
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अगत्याचे, उपद्रव, मुदत उलटणे, अंग चोरणे, निगा राखणे.
७. आपल्या घरी किंवा शाळेत जपून ठेवलेले एखादे जुने पत्र मिळवा. ते का जपले गेले असावे, याविषयी दहा ओळी लिहा.